तारपा नृत्य

तारपा नृत्य : महाराष्ट्रातील ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आदिवासींचे, मुख्यत्वे वारली जमातीचे, तारपा या सुषिर वाद्याच्या साथीवर चालणारे समूहनृत्य. ‘तारपा’ हे मुळात वाद्याचे नाव. परंतु वाद्य आणि नाच यांचा संबंध इतका घट्ट आहे, की बोलण्यात ‘तारपा नाचणे’ असाच प्रयोग रूढ झाला आहे. वारल्यांच्या शेजारी राहणाऱ्या काही जमातींतही हे नृत्य प्रचलित असून दक्षिण गुजरात तसेच दाद्रा व नगरहवेली येथेही ते आढळते. स्त्रीपुरुष दोघेही त्यात भाग घेतात. गती द्रुत, पदन्यास ठाशीव आणि रचना साखळीची, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत.

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या तालुक्यांचा पट्टा हे या नृत्याचे मुख्य क्षेत्र होय. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर हा पट्टा त्या जिल्ह्यात गेला. शहापूर व मुरबाड हे तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. जिल्ह्याच्या हद्दीने नाचाची हद्द अर्थातच ठरत नाही. शहापूर तालुक्यातील डोळखांबचा परिसर, म्हणजे आजोबाच्या डोंगराच्या छायेतील सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख, हा तारप्याच्या क्षेत्राची कड समजता येईल. ठाकर, महादेव कोळी, कातकरी व वारली अशा जमाती येथील तालुक्यांत एकमेकींच्या शेजारी नांदतात आणि प्रत्येकीचा नाच वेगळा असतो. ठाकरांचा कांबडनाच, गौरीच्या दिवसांतील गौरीनाच आणि ढोलाच्या ठेक्यावरील ढोलनाच हे या भागातील आणखी काही प्रकार. ढोलाच्या नाचात ताल प्रधान असतो व पावले तालाच्या मागे जातात. तारप्याच्या नाचात पावलांना ओढून नेणारा सूर असतो. एकाच शिवारात ऐकू येणाऱ्या या दोन नाचांतील हा भेद प्रथमच पाहणाऱ्याच्याही ध्यानात येण्याजोगा आहे.

वाद्य : तारपा तीन वस्तूंपासून तयार होतो : वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाची पाने. सांधे मेणाने बंद करतात. पूर्ण वाढलेला दुधी भोपळा वाळवून आतील गर व बिया काढून टाकल्या, की हलके पण टणक कवच उरते. वादक त्याच्या एका छिद्रातून फुंकतो व भोपळ्याचा उपयोग हवेच्या कोठीसारखा होतो. भोपळ्याच्या खालच्या अंगास दोन नळ्या शेजारीशेजारी बसविलेल्या असतात. प्रत्येक नळीच्या वरच्या टोकाशी, भोपळ्याच्या आत, बांबूची पातळ जिभली असते. फुंकरीने ती थरथरते व नाद उत्पन्न होतो. नळ्यांवरील छिद्रे दोन्ही हातांच्या बोटांनी उघडझाक करून स्वर बदलतात. नळ्यांच्या खालच्या टोकाला ताडाच्या पानांच्या पट्ट्या एकावर एक गुंडाळून केलेला लांब कर्णा जोडतात. त्यामुळे नाद भारदस्त होतो आणि दूरवर पोहोचतो. पूर्ण वाद्याची लांबी सामान्यतः एक मीटरहून अधिक असते. काही तारपे माणसाच्या उंचीचेही असतात.

गारुड्याची पुंगी व तारपा यांचे कार्यतत्त्व एकच आहे. नाशिक व डांग भागांतील कोकणा जमातीची पावरी हेही याच कुळातील वाद्य. तथापि पुंगी हातात मावते, तर तारपा वादकाला पोटाशी तोलून धरावा लागतो आणि तो धरूनच नाचाबरोबर चालावे, वळावे व वाकावे लागते. शिवाय नाद खंडित होऊन चालत नाही. नाद तुटला, तर पाऊल अडखळते. म्हणून वादक गालांत साठविलेली हवा वाद्यात ढकलीत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो. ही युक्ती साधण्यास वर्षे लागतात. ती पुस्तकातून शिकता येत नाही आणि सांगूनही फारशी समजत नाही. मुलगा बापाशेजारी किंवा मामाशेजारी बसून ती उचलतो. तारपा वाजविणे हे परंपरेने पुरुषांचे काम मानले गेले आहे.

प्रत्येक तारपा त्याच्या भोपळ्याच्या व नळ्यांच्या मापाप्रमाणे बोलतो. दोन तारप्यांचा स्वर सहसा जुळत नाही व तो जुळावा अशी अपेक्षाही नसते, कारण एका फेराला एकच तारपा असतो. शास्त्रीय संगीताच्या सवयीच्या कानाला त्याचे स्वर बेसूर वाटतात, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु ज्या वाद्याला दुसऱ्या कोणत्याच वाद्याशी जुळवून घ्यावयाचे नाही, त्याच्या बाबतीत हा आक्षेप गैरलागू ठरतो.

नृत्यरचना : पाड्यावरील अंगणात, खळ्यावर किंवा एखाद्या सपाट मोकळ्या जागी रात्री फेर धरतात. नाचणारे एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात. साखळीचे एक टोक मोकळे असते आणि त्या टोकाला फेराचा म्होरक्या असतो. त्याच्या हाती घोळकाठी असते. ती जमिनीवर आपटली, की तिचा खुळखुळाट होतो व ठेका मिळतो. वादक साखळीच्या आतील बाजूस असतो. तो चालतो, वळतो, खाली झुकतो आणि त्याच्या वळण्याप्रमाणे साखळी वळते. नाचणाऱ्यांनी तारप्याकडे पाठ करावयाची नाही, असा दंडक आहे. वादकाने सुरावट बदलली, की फेराची दिशा पालटते. डावीकडे जाणारी साखळी म्होरक्यापासून सुरुवात करून एकामागून एक उजवीकडे फिरू लागते आणि शेपटापर्यंत ते वळण पोहोचेपर्यंत काही क्षण साखळीचे दोन भाग परस्परविरुद्ध दिशांनी जात असल्यासारखे दिसतात. कधी ती गुंडाळत आत येते, कधी उलगडते, तर कधी बघ्यांनाच वेढा घालून हसू उसळविते. पुंगीपुढे डोलणाऱ्या नागाशी या साखळीची तुलना केली जाते, ती वाद्याच्या जातीवरून व नाचाच्या आकृतीवरूनही समर्पक आहे.

गुडघे किंचित वाकवून, कमरेतून पुढे झुकून, जमिनीवर दाबून टाकलेली पावले हा नृत्याचा गाभा. हात गुंतलेले असल्याने हस्तमुद्रांना वाव नसतो. जे काही सांगावयाचे ते पायांनी व पाठीच्या कण्याने. एकाचे पाऊल चुकले, तर शेजारच्या दोघांच्या कमरेला ते प्रथम कळते आणि तेच त्याला सावरून नेतात. नवशिका नाचणारा अशा रीतीने साखळीतच घडतो. त्याला वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही. गीताची जोड या नृत्यास आवश्यक नसते. अधूनमधून उठणारे हाकारे सोडले, तर सारा भार तारप्यावरच असतो.

सुरावटीच्या व तिच्याबरोबर येणाऱ्या पदन्यासाच्या प्रकाराला चाळा म्हणतात. बायांचा चाळा, मोराचा चाळा, रानोडी चाळा असे त्याचे अनेक प्रकार आहेत. वादकाच्या संग्रही जितके चाळे अधिक, तितका फेर रात्रभर टिकण्याचा संभव अधिक. चाळा बदलताना वादक थांबत नाही. चालू सुरावटीतच पुढच्या चाळ्याची खूण येते व म्होरक्याने ती ओळखावयाची असते. वादक व म्होरक्या यांच्या या जुगलबंदीत जाणकारांना विशेष गोडी वाटते. तरुण मुलामुलींना एकमेकांच्या जवळ येण्याची संधी या रात्री मिळते, आणि काही लग्नांचे मूळ अशा फेरात असते.

ऋतू व श्रद्धा : भाद्रपद-आश्विनात हळवे भात पिकू लागले, की घरातील तारपा बाहेर निघतो. नव्या भाताचा नैवेद्य, वाघबारशीची वाघदेवाची पूजा व दिवाळी या दिवसांत नाचाला भर येतो. कापणी व झोडणी होऊन धान्य घरात आले, की तो ओसरतो. पेरणी-आवणीच्या काळात, म्हणजे पीक अजून पोटरीत यावयाचे असताना, तारपा वाजवू नये असा संकेत आहे. वारल्यांच्या श्रद्धेत धान्य ही केवळ खाण्याची वस्तू नव्हे. कणसरी या देवीचे ते रूप आहे. नारनदेव, हिरवा, हिमाई यांच्याबरोबर तिचे स्मरण करतात. भात तयार होणे म्हणजे कणसरी घरी येणे आणि तिच्या येण्याचा आनंद म्हणजे तारपा, असा हा संबंध आहे. ज्या मुलखात वर्षाचे बरेच महिने अपुऱ्या अन्नावर काढावे लागत, तेथे हा आनंद किती खरा होता हे सांगणे न लगे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरपासून के. जे. सावे यांच्या द वारलीज (१९४५) या ग्रंथापर्यंत वारल्यांविषयी पुष्कळ माहिती नोंदविली गेली आहे. बाहेरच्या वाचकाला मात्र त्यांचे नाच बहुधा करमणुकीच्या सदरात दिसतात. ते वर्गीकरण अपुरे आहे. मनोरंजन येथे आहेच, पण त्याला तिथी आहे, आणि तिथी पिकाने ठरविलेली आहे.

इटलीतील सदृश प्रकार : सुगी, सूर आणि नाच यांचा असा मेळ अन्यत्रही दिसतो. इटलीतील टॅरँटेला हे अत्यंत द्रुत लयीचे लोकनृत्य या दृष्टीने तुलना करण्याजोगे आहे. दक्षिण इटलीतील टारांटो या नगराच्या नावावरून टॅरँट्यूला हे कोळ्याचे व टॅरँटेला हे नृत्याचे नाव आले. अपूल्या प्रांतात अशी समजूत होती, की शेतात या कोळ्याचा दंश झालेल्या माणसाला खंजिरी, व्हायोलिन इत्यादींच्या साथीवर तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस, नाचविल्याखेरीज त्याची पीडा जात नाही. प्रत्यक्षात या कोळ्याचा दंश माणसाला फारसा अपायकारक नसतो. एर्नेस्तो दे मार्तीनो या इटालियन अभ्यासकाने १९५९ साली सालेंतो भागात सहकाऱ्यांसह पाहणी केली व १९६१ मध्ये तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पीडितांत शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. पीडा उन्हाळ्यात, कापणीच्या हंगामाच्या सुमारास उद्‌भवे, दरवर्षी त्याच सुमारास पुन्हा उलटे आणि २९ जूनला गालातीना येथील संत पॉलच्या चॅपेलमध्ये पीडितांची गर्दी होई. हा विषाचा परिणाम नसून दडपलेल्या दुःखाला नाचाच्या रूपाने वाट करून देणारी ती एक सामाजिक व्यवस्था होती, असे मत त्याने मांडले.

दोन्ही नाच कापणीच्या दिवसांचे, दोन्ही वेगवान व दमछाक करणारे. साम्य मात्र येथेच संपते. अपूल्यातील स्त्री एकटी नाचे आणि भोवतालचे लोक तिला पाहत, तिच्यासाठी वाजवीत. तारप्यात एकटे नाचणे संभवतच नाही. तेथे नाच दुःखाचा निचरा करी. येथे तो मिळालेल्या धान्याची पोच देतो.

रचनेच्या दृष्टीने तारप्याच्या अधिक जवळ जातो तो सार्डिनिया बेटावरील ‘बाल्लू तुंदू’ हा वर्तुळनाच. त्यात हातात हात गुंफलेले स्त्रीपुरुष लाउनेद्दास वाजविणाऱ्याभोवती लहान, जलद पावलांनी फिरतात. लाउनेद्दास हे वेताच्या तीन नळ्यांचे जिभलीचे वाद्य असून त्याचा वादकही गालांत हवा साठवून अखंड फुंकतो. साडेसहा हजार किलोमीटर अंतराच्या आसपासच्या दोन प्रदेशांत वाद्य, श्वासाची रीत व नाचाची आकृती यांचे एवढे साम्य असले, तरी त्यावरून समान उगमाचा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. जिभलीच्या वाद्याला न तुटणारा श्वास लागतो आणि न तुटणाऱ्या सुराला न तुटणारी साखळी सोयीची पडते. एवढ्या कारणाने दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे असे घडू शकते.

टॅरँटेलाचा पुढील इतिहास तारप्याच्या संदर्भात उद्‌बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात तो दिवाणखान्यात आला. रोस्सीनी, शोपँ, लिस्ट आदी संगीतरचनाकारांनी टॅरँटेला रचले व पर्यटकांसाठी नेपल्सच्या परिसरात त्याचे सजविलेले प्रयोग होऊ लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीडा व तिचा विधी जवळजवळ नाहीसा झाला. १९९८ पासून मात्र सालेंतोत दर उन्हाळ्यात या संगीताचा मोठा महोत्सव भरतो व त्याला प्रचंड गर्दी लोटते. विधी गेला आणि संगीत राहिले.

चित्रातील व रंगमंचावरील तारपा : महाराष्ट्राबाहेर तारपा पोहोचला तो प्रथम चित्रांतून. वारली स्त्रिया लग्नप्रसंगी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातून ती जगभर गेली. मध्यभागी लांब कर्ण्याचा तारपावाला आणि त्याच्याभोवती वेटोळे घेणारी नाचणाऱ्यांची माळ ही आकृती वारली चित्रकलेची जणू मुद्राच झाली. हातरुमालापासून सरकारी इमारतींच्या भिंतींपर्यंत ती आढळते. ज्यांनी तारप्याचा आवाज कधी ऐकलेला नाही अशांची संख्या, तो चित्रात ओळखणाऱ्यांत फार मोठी असावी.

रंगमंचावर या नृत्याची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तारप्याच्या फेराला केंद्र असते, दर्शनी बाजू नसते. रंगमंचाला मात्र दर्शनी बाजूच असते. प्रेक्षकांकडे तोंड ठेवावयाचे तर तारप्याकडे पाठ होते. ध्वनिवर्धकामुळे वादक एका जागी खिळतो आणि तो खिळला, की साखळी त्याच्या मागे न जाता त्याच्याभोवती नुसती फिरते. रात्रभर चालणाऱ्या चाळ्यांतून काही मिनिटांपुरते दोनतीन निवडावे लागतात व बहुधा सर्वांत वेगवान तेवढेच निवडले जातात. अशा प्रयोगांनी नृत्याला प्रतिष्ठा मिळाली हे खरे. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ वादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचा संगीत नाटक अकादमीने पुरस्कार देऊन केलेला गौरव, हे त्या प्रतिष्ठेचे उत्तम उदाहरण होय. पण प्रयोगातला तारपा व खळ्यावरचा तारपा या एकच वस्तू नव्हेत, एवढे लक्षात ठेवावयास हवे.

संकेताला छेद देणारा आणखी एक बदल अलीकडचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून ठरविला. त्या दिवशी ठाणे व पालघर जिल्ह्यांत निघणाऱ्या मिरवणुकांत तारपा अग्रभागी असतो. ९ ऑगस्ट म्हणजे ऐन श्रावणाचे दिवस. भाताची आवणी नुकतीच आटोपलेली, लोंबी धरावयास अवकाश, म्हणजे जुन्या दंडकाप्रमाणे तारपा छपराखाली टांगून ठेवण्याचा काळ. या मिरवणुकीत वाजणारा तारपा कणसरीसाठी वाजत नसतो. जमीन, जंगल व ओळख यांच्यावरील हक्काची ती घोषणा असते. परंपरेचा हा भंग आहे, असे म्हणून तो झिडकारणे सोपे आहे. परंतु ज्यांची परंपरा, त्यांनीच तिला नवी तिथी दिली असेल, तर बाहेरच्याने तक्रार करण्याचे कारण नाही.

सुगीचा नाच आक्रसत चालल्याचे मुख्य कारण रंगमंच नव्हे किंवा मिरवणूकही नव्हे. शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे भाताची कामे उरकताच भिवंडी-कल्याण भागातील वीटभट्ट्यांवर व इतर मजुरीवर जातात. पावसावर अवलंबून असलेल्या एका पिकानंतर डोंगरउतारावरील जमिनीत दुसरे पीक नसते, आणि घेतलेली उचल फेडावयाची असते. दिवाळी आटोपली, की पाड्यावर म्हातारी माणसे व काही मुले उरतात. साखळी धरावयास माणसे लागतात. ती ज्या रात्री गावात असतात, त्या रात्री आता मोजक्याच राहिल्या आहेत. मुलाने वादकाशेजारी बसून श्वास साधावयाचा, तर त्यासाठी लागणाऱ्या लागोपाठच्या रात्रीही त्याच हिशेबात कमी झाल्या.

वाद्याच्या साहित्याचाही प्रश्न आहे. तारप्यास जाड कवचाचा, लांब मानेचा भोपळा लागतो. खाण्यासाठी लावलेला दुधी कोवळाच तोडला जात असल्याने उपयोगी पडत नाही. म्हणून तारपा करणारे लोक एखादा वेल मुद्दाम राखतात, त्यावरील फळ जून होऊ देतात व त्याचेच बी पुढच्या वर्षी लावतात. ताडाच्या पानांचा कर्णा काही हंगामांत फाटतो व पुन्हा गुंडाळावा लागतो. मेण उन्हाने वितळते, म्हणून वाद्य सावलीत ठेवतात. नीट राखलेला भोपळा मात्र पुष्कळ वर्षे टिकतो, आणि जुन्या भोपळ्याचा आवाज नव्याहून गोड असतो, असे वादक सांगतात.